वेताळाच्या चपला

आमच्या घरापासून आरवलीचं देऊळ चालत पाऊण तासावर. तिथे श्री देव वेतोबा, म्हणजे वेताळ, उभा आहे. मूर्ती माणसाहून कितीतरी उंच, आणि पुढ्यात चामड्याच्या चपला. नवस फेडायला लोक केळ्यांचा घड आणतात, चपला आणतात. चपला केवढ्या, तर लहानपणी मी माझा हात शेजारी धरून बघितला होता, बोटांच्या टोकापासून कोपराच्याही वर गेल्या. देव रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, राखण करतो, म्हणून त्या झिजतात, असं आजी सांगायची. सांगून थांबायची नाही. एखादी चपल हाताने जराशी उलटी करून झिजलेला तळ दाखवायची.

मी तिसरीत होतो. १९७७ची चवथ. नानाकाका लालबागच्या एका गिरणीत होते, आदल्या दिवशी एसटीने आले. चाकरमान्याची ट्रंक उघडली की घरातली सगळी माणसं भोवती कोंडाळं करून बसत, तसे आम्ही बसलो होतो. वर बुंदीच्या लाडवांचा डबा, काकूचं पातळ, बॅटरीचे सेल, अगरबत्तीचे पुडे. सगळ्यात खाली, ट्रंकेच्या पत्र्यावर अंथरलेल्या वर्तमानपत्राच्याही खाली, एक पातळ रंगीत पुस्तक होतं. काकांनी ते माझ्या हातात दिलं. मुखपृष्ठावर जांभळ्या अंगरख्यातला एक धिप्पाड माणूस पांढऱ्या घोड्यावर बसलेला. डोळ्यांवर काळी पट्टी, कमरेला दोन पिस्तुलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : वेताळ.

आजीला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "ह्यो कोण रे?"

"वेताळ," काका म्हणाले.

"खंयचो?"

"मुंबयचो."

आजीने पुस्तक कंदिलाजवळ धरून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "वेतोबा असो दिसता? चपला खंय हेच्या?"

चित्रातल्या वेताळाच्या पायात बूट होते. काकांनी तिला तसं सांगितलं. तिचं काही समाधान झालं नाही, पण तिने पुस्तक खाली ठेवताना ते कपाळाला लावलं. त्या घरात वेताळ असा आला, आजीच्या कपाळाला लागून. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

वेताळ छापणारं इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४मध्ये सुरू केलं, इंग्रजीबरोबर आपल्या भाषांतही. अगदी सुरुवातीच्या काळात अनंत पै तिथेच होते. १९६७मध्ये बाहेर पडून त्यांनी अमर चित्र कथा उभी केली. हे सगळं मला फार उशिरा कळलं. मूळचा हा नायक अमेरिकेतला, नाव 'फँटम', ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ला वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीतून त्याला जगापुढे आणलं. म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. अंगाला चिकटून बसलेला पोशाख आणि डोळ्यांवर मुखवटा, हे सुपरहिरोचं रूप पुढे अनेकांनी उचललं, ते याच्यापासून. आणि गंमत म्हणजे, याच्या अंगात कसलीही अतिमानवी शक्ती नाही. तो उडत नाही, त्याला गोळी लागते, रक्त येतं, तो मरतोही. पण कुणाला कळत नाही. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि जंगलाला वाटतं की चारशे वर्षं हा एकच माणूस हिंडतो आहे. पहिला वेताळ असा झाला : १५३६ साली चाच्यांनी बापाला मारलं, मुलगा किनाऱ्याला लागला, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध शपथ घेतली. आपण ज्याच्या गोष्टी वाचल्या तो एकविसावा.

इंग्रजीत जंगलचे लोक त्याला चालणारं भूत म्हणतात. त्याला मराठीत 'वेताळ' म्हटलं, आणि माझ्या मते या मालिकेतलं सगळ्यात मोठं काम त्या एका शब्दाने केलं. घाटावरच्या मुलाला वेताळ म्हटलं की विक्रमाच्या पाठीवर बसलेला, प्रश्न विचारणारा, झाडाला लटकणारा आठवत असेल. आमच्याकडे वेताळ लटकत नाही. तो चालतो. रात्री, एकटा, राखणीला. मला कुणी अमेरिकेतला नायक भेटलाच नव्हता. आमच्या देवळातला देव मुंबईला गेला आणि तिथे घोड्यावर बसला, एवढंच मला कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

पहिल्या रात्री मी तो अंक कंदिलाच्या उजेडात जोडाक्षरांवर अडखळत वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. आरत्या चालू होत्या तेव्हा मी मांडीखाली तो घेऊन बसलो होतो. मला सगळ्यात सतावत होते त्याचे डोळे. पट्टीच्या आत नुसते पांढरे, बुबुळं नाहीत. मला वाटलं, छापणारे विसरले. मी दौतीतल्या शाईत टाक बुडवून मुखपृष्ठावर दोन बुबुळं काढली. डावं नीट जमलं, उजव्याचा ठिपका पसरला. तो अंक माझ्याकडे अजून आहे, आणि त्या मुखपृष्ठावरचा वेताळ गेली इतकी वर्षं एका डोळ्याने नीट आणि एका डोळ्याने शाईतून बघतो आहे. पुढे कधीतरी वाचलं की ग्रीक पुतळ्यांच्या बुबुळांशिवायच्या डोळ्यांवरून फॉक यांना ते सुचलं होतं. त्या डोळ्यांमुळे माणूस देवासारखा दिसतो. तिसरीतल्या मुलाने त्यातून माणूस करायला निघणं ही चूक होती, पण त्या चुकीमागे केवढं प्रेम होतं हे मला अजून आठवतं.

मग अंगठी. उजव्या हातात कवटीची, ती खलांच्या जबड्यावर उमटते आणि जन्मभर जात नाही. डाव्या हातात, हृदयाच्या बाजूला, शुभचिन्हाची. ते ज्याच्या दारावर, ज्याच्या अंगावर, त्याला कुणी हात लावायचा नाही. आम्ही चौघा मुलांनी रबरी स्लीपरची तुटलेली टाच मिळवली, ब्लेडने तिच्यावर कवटी कोरली. डोळ्यांची दोन भोकं पाडताना ब्लेड माझ्या अंगठ्यात गेलं, तो व्रण आहे. शाईत बुडवून आम्ही तो ठसा एकमेकांच्या गालांवर मारला आणि तसेच शाळेत गेलो. गुरुजींनी चौघांनाही उभं केलं, छड्या मिळाल्या. गालावरची कवटी दोन दिवस टिकली.

शुभचिन्ह मात्र मी कुणावर मारलं नाही. त्या पावसाळ्यात वाघाने, म्हणजे बिबट्याने, आमची एक पाडी नेली होती. मी चुलीतला कोळसा घेऊन गोठ्याच्या दारावर ते चिन्ह काढलं, आजी मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं आता ओरडा बसणार. तिने फक्त विचारलं की हे कुणाचं. मी म्हटलं, वेताळाचं. ती म्हणाली, मग जरा वर काढ, गुरं अंग घासून पुसून टाकतील.

*

वयाच्या चाळिशीनंतर मला एक सवय लागली. कुणी वेताळ वाचलेला भेटला की मी त्याला विचारतो, तुला तो पहिल्यांदा कुठे भेटला? आवडती गोष्ट कोणती, संग्रह केवढा, हे मी विचारत नाही. पहिली भेट विचारली की माणूस क्षणभर थांबतो आणि मग त्याच्या बोलण्यात एक माणूस येतोच येतो, अंक हातात देणारा.

वर्ध्याकडचा एक मित्र सांगतो, सलूनमध्ये. केस कापून होईपर्यंत वाचायचं आणि घरी जायचं, म्हणून त्याला कित्येक गोष्टींचे शेवट ठाऊक नव्हते. सलूनवाल्याला हे कळलं तेव्हा तो याचे केस मुद्दाम हळू कापायला लागला. माझी पुण्यातली एक सहकारी भावाच्या नावाने वाचनालयातून अंक आणायची. तिला वेताळापेक्षा त्याची प्रेयसी डायना आवडायची, कारण डायना संयुक्त राष्ट्रांत नोकरी करते, उंचावरून पाण्यात सूर मारते, आणि लग्नाला घाई करत नाही. घाई खरोखरच केली नाही तिने. १९३६ला भेटलेल्या त्या दोघांचं लग्न चित्रपट्टीत १९७७ला लागलं, एक्केचाळीस वर्षांनी. म्हणजे मी तिसरीत बसून गालावर ठसे मारत होतो, त्याच वर्षी. माझी सहकारी म्हणते, डायनाने एवढी वर्षं वाट बघितली आणि आपलं काम सोडलं नाही, हे मी अकराव्या वर्षी मनात लिहून ठेवलं होतं.

काणकोणकडच्या एका गोंयकार दोस्ताने माझं ऐकून घेतलं आणि हसत म्हणाला, तुझा वेतोबा तसा आमचा बेताळ. लोलयेला बेताळ आहे, आमोण्याला आहे. त्याच्या आईने तर पुस्तक जमिनीवर ठेवलेलं पाहिलं की ती ते उचलून पाटावर ठेवायची. आमची आजी आणि त्याची आई एकमेकींना कधी भेटल्या नाहीत.

एक भाचा नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये आहे. पहिल्या हिवाळ्यात, दुपारी तीनलाच अंधार पडलेला असताना, त्याला एका दुकानाच्या रॅकवर आमचा वेताळ दिसला. तिथे त्याचा पोशाख निळा असतो आणि त्याचं नियतकालिक १९५०पासून निघतं. त्याला अक्षर समजत नव्हतं. त्याने तरी विकत घेतलं आणि मला फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, मामा, हा इथे पण आहे. त्याला वेताळ माझ्याकडून मिळाला होता, माझ्याच त्या शाईच्या बुबुळांच्या अंकातून.

आणि सगळ्यात लांबची गोष्ट पापुआ न्यू गिनीची. तिथल्या डोंगराळ भागातल्या वाघी खोऱ्यात माणसांनी लढाईच्या लाकडी आणि पत्र्याच्या मोठ्या ढालींवर वेताळ रंगवला. ज्याला मरण नाही तो आपल्या ढालीवर असला तर आपल्यालाही मरण नाही. त्या ढालींचे फोटो मी पहिल्यांदा बघितले तेव्हा मला आमच्या गोठ्याचं दार आठवलं. ती माणसं आणि मी, आम्ही तेच केलं होतं.

मोठा झाल्यावर या गोष्टींत मला खुपलेलं एक आहे, ते सांगायला हवं. एक गोरा माणूस पिढ्यानपिढ्या आफ्रिकेच्या जंगलात सिंहासनावर बसतो, काळी माणसं त्याची राखण करतात आणि त्याच्यावर विसंबून राहतात, ही मांडणी ज्या काळात जन्मली त्या काळाचा मळ तिच्यावर आहे. आपल्याकडे छापताना वेताळाच्या देशाचं, बेंगालाचं, 'डेंकाली' केलं गेलं, सिंग चाच्यांचे 'सिंगा' झाले, कुणाचं मन दुखू नये म्हणून नावं बदलली. पण नाव बदलून मांडणी बदलत नाही. फॉक यांनीही पुढे त्या देशाला लोकांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष दिला, लुआगा. तरी खुपायचं ते खुपतंच. मला हे मान्य करून पुढे जावंसं वाटतं, झाकून नाही. आमच्या घरात मात्र तो गोरा कधी नव्हताच. आजीने त्याला पहिल्याच दिवशी गाववाला करून टाकलं होतं.

*

त्यानंतर दर मे महिन्यात आणि दर चवथीला ट्रंकेच्या तळाशी अंक असायचा. कधी दोन. वेताळ असायचा, कधी जादूगार मँड्रेक, कधी आबिद सुरतींचा बहादूर, कुडता आणि जीन्स घालणारा, ज्याचा बाप डाकू होता आणि ज्याला वाढवलं त्या बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने. बहादूर मला आवडायचा. पण ट्रंक उघडताना डोळे शोधायचे ते जांभळा रंग.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आम्हाला गावात रेडिओवर कळलं. मोठी माणसं म्हणत होती की महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. मे महिन्यात नानाकाका आले. ट्रंक नव्हती. एक वळकटी आणि पिशवी. मी तेरा वर्षांचा होतो, कळायला हवं होतं. मी वळकटी सोडेपर्यंत थांबलो आणि मग विचारलं, अंक?

काका म्हणाले, "ह्या टायमाक नाय रे बाबू."

ते परत गेले नाहीत. गेले असतील एखाद्‌वेळी हिशेबाच्या कागदांसाठी, पण कामाला गेले नाहीत. त्यांनी काजू लावले, दुसऱ्याच्या बागेत शिंपणं केलं. एका संध्याकाळी आम्ही खळ्यात बसलो होतो. दिवे गेले होते. मी आपला जुनाच अंक चांदण्यात उलटसुलट करत होतो. काका म्हणाले, ठेव तो, डोळे जातील, मी सांगतो. आणि ते सांगायला लागले. वेताळाची गोष्ट. ती मी कधी वाचलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुसरी. मग तिसरी. कवटीची गुहा, वेताळाचा दोस्त गुरन, त्याचा लांडगा, गुहेतले जुन्या वेताळांनी लिहून ठेवलेले ग्रंथ, सगळं त्यांना पाठ होतं. अंक आपल्यासाठी आणले जातात असं मी पाच वर्षं समजत होतो. त्या रात्री आत जाऊन मी पहिला अंक कंदिलाजवळ उघडला. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं, ते मी पाच वर्षं बघत होतो आणि वाचलं नव्हतं. काकांचंच अक्षर, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं, ठळक, प्रत्येक अक्षराला दाब दिलेलं. 'वाचून झाल्यावर परत.'

लालबागच्या त्या एका खोलीत पाळ्यांप्रमाणे वीसेक माणसं झोपत. काकांनी नंतर सांगितलं, पगाराच्या दिवशी ते पदपथावरून अंक आणत, खोलीतली माणसं पाळीपाळीने वाचत, ज्यांना वाचता येत नसे त्यांना कुणीतरी वाचून दाखवे. रात्रपाळीवरून आलेला माणूस निजायच्या आधी दोन पानं ऐकायचा. सगळ्यांचा वाचून झाला की तो अंक ट्रंकेच्या तळाला जायचा.

इंद्रजाल १९९०मध्ये बंद झालं. मी तेव्हा मुंबईत नोकरीला लागलो होतो. पहिल्या पगारापासून मी जुने अंक शोधायला लागलो, फाउंटनच्या पदपथावर, माटुंग्याला, पुण्यात गेलो की अप्पा बळवंत चौकात आणि रद्दीच्या दुकानांत. मिळेल त्या भाषेतले घेतले. काकांनी खळ्यात सांगितलेल्या गोष्टी मी एकेक करून ओळखत गेलो. ही त्यांनी सांगितली होती, ही पण, या गोष्टीतला पूल त्यांनी जरा जास्त उंच करून सांगितला होता. ली फॉक १९९९मध्ये गेले, ते शेवटपर्यंत लिहीत होते. त्यांच्या मूळ चित्रपट्ट्याही आता पुस्तकरूपात मिळतात, त्याही मी पाहिल्या. काकांच्या सगळ्या गोष्टी सापडल्या. एक सोडून.

ती त्यांनी १९८२च्या पावसाळ्याच्या तोंडाला सांगितली होती, तीन रात्री लावून. डेंकालीच्या बंदरात हमाल मीठ वाहतात. मिठागरं शिरोड्याची होती हे मला तेव्हाही ओळखता आलं, कारण काका मिठाच्या वाफ्यांत फळीने मीठ ओढण्याचा आवाज तोंडाने काढून दाखवत. मालक फाटक बंद करतो. हमाल फाटकाबाहेर बसतात. दिवस जातात, पाऊस येतो, मीठ आत विरघळतं. मग वेताळ येतो. तो पोशाख घालून येत नाही, लांब कोट, टोपी, काळा चष्मा, सोबत लांडगा, असा शहरात जातो तसा येतो. येतो आणि हमालांबरोबर फाटकाशी बसतो. दुसऱ्या रात्रीही तो बसलेलाच होता.

मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "मारीत कित्याक नाय तो?"

काका बराच वेळ बोलले नाहीत. आत आजी तांदूळ निवडत होती, सुपाचा आवाज येत होता.

"सगळा मारून जमणा नाय, बाबू," ते म्हणाले.

तिसऱ्या रात्री वेताळ उठला. हमालांच्या झोपड्या मिठागरांच्या कडेने एका ओळीत होत्या. सगळे निजले होते. तो एकेका दारापाशी थांबला आणि डाव्या हाताने शुभचिन्ह उमटवत पुढे गेला. काका दारं मोजत होते, एक, दोन, तीन, असे वीसपर्यंत गेले. मग म्हणाले, आता उजाडायला आलं होतं, आणि तो मिठागरांमधल्या बांधावरून चालत निघाला.

सुपाचा आवाज थांबला. आजी दारात आली होती, किती वेळ ऐकत होती कोण जाणे.

"चपला घातल्यान मां रे?" तिने विचारलं.

"घातल्यान गे आये," काका म्हणाले.